कापोसी आणि त्याचे दोन रोग

आमच्या पिढीतील बहुतेकांच्या दंडावर एकदोन वाटोळे, किंचित खोलगट व्रण आहेत. लहानपणी देवी काढल्याची ती खूण. आमच्या घरात एकाच्या दंडावर मात्र ती बरीच वर्षे उमटली नव्हती. माझ्या एका चुलतभावास तान्हेपणापासून इसब होते. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीतील कातडी सदा लाल व ओलसर. टोचणारे गृहस्थ आमच्या वाड्यात आले, त्यांनी सगळ्या मुलांना ओळीने उभे केले, आणि या मुलाची बाही वर सारताच ते थबकून म्हणाले, "याला आता नको. इसब बरे झाले की पाहू." आजीने याचा अर्थ आपल्या परीने लावला. अंगावर आधीच काही उठलेले असताना देवीस बोलावणे बरे नव्हे, ती कोपते, असे तिचे म्हणणे. टोचणाऱ्या गृहस्थांनी तिला विरोध केला नाही. आणि माझी अशी समजूत आहे की, त्या नियमाचे खरे कारण त्यांनाही धड सांगता आले नसते. पुष्कळ वर्षांनी त्या कारणाचा माग काढीत काढीत मी व्हिएन्ना शहरातील एका वैद्याच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो. त्याचे नाव मोरित्स कापोसी.

देवीच्या लशीपुरते पाहिले तर व्हिएन्ना आणि मुंबई यांचे नाते कापोसीच्याही आधीचे आहे. जेन्नरने १७९६ साली गाईच्या देवीची लस माणसास टोचून दाखविली. पण इंग्लंडहून हिंदुस्थानात ती जहाजाने धाडण्याचे प्रयत्न फसले, कारण इतक्या लांबच्या आणि उष्ण प्रवासात तिचा गुण नाहीसा होई. अखेर जी लस येथे जिवंत पोहोचली ती व्हिएन्नातील झां द कारो या वैद्याने पाठविलेली होती. कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेने ती बगदादास गेली, तेथून बसऱ्यास आली, आणि पुढे एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत ठेवीत तिला समुद्रमार्गे मुंबईस आणण्यात आले. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती मुंबईत टोचली गेली, आणि तिच्या फोडातील लशीवरून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी ती सर्वत्र पसरली. आपल्या पूर्वजांच्या दंडावरील व्रणांची वंशावळ अशी व्हिएन्नापर्यंत जाते.

कापोसीचे मूळ नाव मोरित्स कोन. हंगेरीतील कापोशवार या गावी १८३७ साली एका गरीब ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. वैद्यकी शिकण्यास तो व्हिएन्नास आला आणि १८६१ साली पदवी घेऊन तेथेच राहिला. व्हिएन्नाचे थोरले सार्वजनिक रुग्णालय त्या काळी युरोपात नाणावलेले होते, आणि त्यातही फर्डिनांड हेब्रा याचा त्वचारोगांचा विभाग म्हणजे साऱ्या जगातील तरुण वैद्यांची पंढरीच. त्वचेवर जे काही उठते ते आतील दूषित रसांचा उद्रेक होय, ही परंपरागत समजूत हेब्राने मोडून काढली. खरूज ही रक्त बिघडल्याने होत नसून एका बारीक किड्याने होते, हे त्याने प्रयोगाने पटवून दिले. या गुरूच्या हाताखाली कोन तयार झाला, पुढे त्याच्या मुलीशी त्याने विवाह केला, कॅथॉलिक धर्म स्वीकारला, आणि १८७१ साली आपल्या जन्मगावावरून 'कापोसी' हे आडनाव घेतले. विद्यापीठात कोन आडनावाची माणसे फार असल्यामुळे घोटाळा होई, असे कारण सांगतात. ज्या समाजात ज्यू माणसाच्या बढतीच्या वाटेत अनेक धोंडे होते तेथे हे कारण तेवढेच होते की काय, याविषयी वाचकांनीच आपले मत बनवावे. हेब्रा १८८० साली वारल्यावर त्याच्या जागी कापोसीची नेमणूक झाली.

माणसाची कीर्ती कोणत्या गोष्टीवरून टिकेल याचा नेम नसतो. कापोसीने विपुल ग्रंथलेखन केले. सूर्यप्रकाशाने ज्या मुलांची कातडी करपून जाते त्यांचा दुर्धर आनुवंशिक रोगही त्यानेच प्रथम ओळखला. परंतु वैद्यकात त्याचे नाव रोज घेतले जाते ते अन्य दोन रोगांमुळे. एकाचे वर्णन त्याने १८७२ साली केले, दुसऱ्याचे १८८७ साली. एक म्हाताऱ्यांचा, दुसरा बहुतकरून मुलांचा. एक महिनोन्‌महिने चालणारा, दुसरा चार दिवसांत जीव टांगणीला लावणारा. या दोहोंत काही नाते असेल असे त्याच्या स्वप्नातही आले नसावे. माझी वाट इसबावरून निघालेली असल्यामुळे क्रम उलटा करून मी दुसऱ्या रोगापासून आरंभ करतो.

इसबाने गांजलेले एखादे मूल. काल रात्रीपर्यंत ते नेहमीसारखे खाजवीत, किरकिर करीत होते. आज त्यास सणसणून ताप भरला आहे, चेहरा सुजून डोळे मिटले आहेत, आणि जेथे जेथे इसब होते तेथे तेथे पाण्याने भरलेले बारीक फोड एकाच वेळी उठले आहेत. प्रत्येक फोडाच्या मध्यभागी बेंबीसारखी खळी आहे. पाहणाऱ्यास प्रथम कांजिण्या वाटाव्यात. पण कांजिण्या अंगभर विखुरतात, आणि हे पुरळ इसबाची हद्द धरून चालते. कापोसीने आपल्या ग्रंथाच्या आवृत्तीत या मुलांचे वर्णन केले ते इतके नेमके आहे की आजच्या डॉक्टरास त्यात फारशी भर घालावी लागत नाही. कारण सांगताना मात्र तो चुकला. बुरशीसारखे काही असावे, असा त्यास संशय होता. त्यास दोष देता येत नाही. चिनीमातीच्या गाळणीतूनही पार होणारे, सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणारे असे एक रोगबीज असते, ही कल्पनाच १८९२ साली इवानोव्हस्कीच्या व १८९८ साली बायेरिंकच्या तंबाखूवरील प्रयोगांतून पुढे आली. कापोसी १९०२ साली वारला. विषाणू नावाची वस्तू डोळ्यांनी पाहण्यासाठी जगास आणखी तीन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले.

पुढच्या पिढीत उलगडा झाला तो असा. मोठ्या माणसाच्या ओठाच्या कडेवर ताप येऊन गेल्यावर जे फोड येतात, ज्यांस आपण 'ताप उतू गेला' म्हणून हसून सोडून देतो, त्यांचा विषाणू हर्पीस नावाचा. तोच विषाणू इसबाने पोखरलेल्या कातडीवर पडला की कापोसीचे पुरळ उठते. आई किंवा आजी मुलाचा मुका घेते, आणि तिच्या ओठावरचा तो क्षुद्र फोड मुलास मरणाच्या दारात नेतो. हे कळल्यावर जुन्या रोगकथा पुन्हा वाचल्या गेल्या आणि दुसरी गोष्ट ध्यानात आली. यांतील काही मुलांस हर्पीस झालाच नव्हता. त्यांस नुकत्याच देवी काढलेल्या होत्या. किंवा त्यांस नव्हे, तर त्यांच्या भावंडास काढलेल्या होत्या, आणि दोघे एका अंथरुणात निजत होती. लशीचा विषाणू दंडावरील एका फोडापुरता न राहता इसबाच्या साऱ्या क्षेत्रावर पसरला होता. दोन निरनिराळे विषाणू, पण कातडीवर चित्र एकच. आमच्या वाड्यात आलेल्या त्या गृहस्थांच्या नियमाचे मूळ येथे आहे, आणि आजीचा तर्कही फळापुरता अगदीच चुकीचा नव्हता, हे मला आता कबूल केले पाहिजे.

लशीचा हा विषाणू म्हणजे गाईच्या देवीचाच विषाणू, असा समज शंभर वर्षे होता. १९३९ साली ॲलन डाउनी याने दाखविले की दोहोंत भेद आहे. लशीच्या विषाणूस 'व्हॅक्सिनिया' म्हणतात. दंडावरून दंडावर, वासरावरून वासरावर फिरता फिरता त्याचे एक स्वतंत्र घराणेच झाले. आपल्याकडे म्हशींच्या आचळांवर येणाऱ्या देवीचा विषाणू याचाच निकटचा आप्त आहे. १९८५ ते १९८७ या काळात महाराष्ट्रात म्हशींमध्ये ती साथ आली तेव्हा धार काढणाऱ्यांच्या हातांवरही फोड उठले. पण हे विषयांतर झाले.

निरोगी मुलास देवी काढली म्हणजे काय होते ते त्या काळच्या प्रत्येक घरास ठाऊक होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुळी, आठवड्याने टचटचीत फोड आणि भोवती हातभर लाली, थोडा ताप, मग काळी खपली, आणि तिसऱ्या आठवड्यात खपली गळून व्रण. ती लाली पाहून आया घाबरत. वस्तुतः घाबरावयाचे ते लाली नसेल तेव्हा. क्वचित एखाद्या मुलाचा फोड भरतच नसे. तो पसरत जाई, मध्यभाग काळा पडे, कडा पुढे सरकत राहात, आणि भोवती लालीचा मागमूसही नसे. मुलास वेदनाही बेताचीच होई. घरच्यांस वाटे, लाली नाही, दुखत नाही, म्हणजे ठीक आहे. पण लाली ही शरीर लढत असल्याची खूण असते; ती नाही याचा अर्थ किल्ल्यात शिबंदीच नाही. आठवडे आणि महिने जात, अन्यत्र नवे फोड उठत, आणि बहुधा मूल दगावे.

या मुलांवर ज्याने सर्वाधिक परिश्रम केले तो हेन्री केंपे. ब्रेस्लाउ येथे जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या राज्यातून निसटून अमेरिकेस गेला आणि बालरोगांचा तज्ज्ञ झाला. देवीच्या अभ्यासासाठी तो मद्रासेसही येऊन राहिला होता. नुकत्याच देवी टोचलेल्या माणसांच्या रक्तद्रवातून प्रतिपिंडांनी समृद्ध असे द्रव्य काढून ते या मुलांस देण्याचा उपाय त्याने रूढ केला. इसबावर लस पसरलेल्या मुलांस त्याने चांगला गुण येई. फोड न भरणाऱ्या मुलांपैकी मात्र काहींस येई, काहींस येत नसे. या फरकाने वैद्यकास एक मोठा धडा दिला. १९५२ साली ब्रुटन याने अशी मुले दाखविली होती की ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतातच. सर्वांत आधी हीच मुले देवीच्या लशीने मरावयास हवी होती. पण त्यांतील कित्येकांचा फोड इतरांसारखाच उठला आणि भरला. उलट ज्यांच्या रक्तातील लसिकापेशी अपुऱ्या होत्या त्यांचा फोड भरत नव्हता. म्हणजे शरीराची रक्षकसेना एक नसून दोन आहेत. एक रक्तद्रवातून लढते, दुसरी पेशींच्या द्वारे, आणि या घराण्यांच्या विषाणूंपुढे दुसरीवाचून चालत नाही. पुस्तकात एका वाक्यात मावणारे हे ज्ञान कोणाकोणाच्या मुलांच्या दंडावर वाचून मिळाले आहे, हे वाचताना मन जड होते.

अमेरिकेत १९६८ साली या अपायांची देशव्यापी मोजदाद झाली. त्या वर्षी सुमारे १ कोटी ४२ लक्ष लोकांस देवी टोचण्यात आल्या आणि ९ माणसे लशीच्या परिणामांनी मरण पावली. प्रमाण अल्प आहे. हिंदुस्थानासारख्या देशात, जेथे देवीच्या एकेका साथीत सहस्रावधी मरत, तेथे हा हिशेब करणेही विचित्र वाटले असते. पण अमेरिकेत देवीचा रोगी कित्येक वर्षांत आढळला नव्हता. तेथे ही ९ माणसे नसलेल्या रोगापायी मेली. शिवाय इसबावर पसरलेल्या लशीच्या रोग्यांत असे पुष्कळ होते की ज्यांस लस टोचलेलीच नव्हती, घरातल्या दुसऱ्या कोणापासून ती त्यांस लागली होती. मुलांस सरसकट देवी टोचणे थांबवावे, असे केंपे १९६५ पासून सांगत होता. ज्याचे अर्धे आयुष्य देवीच्या अभ्यासात गेले त्यानेच असे म्हणावे, याचा पुष्कळांस राग आला. १९७२ साली अमेरिकेने ती प्रथा बंद केली. हिंदुस्थान १९७७ साली देवीमुक्त ठरला, आणि ८ मे १९८० रोजी सारे जग. प्रश्न मिटला असे वाटले.

आता कापोसीच्या पहिल्या रोगाकडे वळतो. १८७२ साली त्याने पाच पुरुषांची हकीकत छापली. सगळे उतारवयाचे. पावलांवर आणि हातांवर प्रथम तांबूस-जांभळे डाग, मग त्यांच्या गाठी, मग त्या वर चढत जात. एकाच्या शवच्छेदनात तशाच गाठी फुप्फुसात आणि आतड्यात आढळल्या. हे अर्बुद त्वचेतील रंगद्रव्याचे असावे असे आधी त्यास वाटले. पुढे त्यानेच नाव बदलून रक्तस्रावी असे विशेषण लावले, कारण तो रंग झिरपलेल्या रक्ताचा होता. त्यानंतर शंभर वर्षे हा रोग पाठ्यपुस्तकातील एक तळटीप होऊन राहिला. भूमध्य समुद्राकाठचे आणि पूर्व युरोपातील ज्यू वृद्ध यांस तो होई, दहापंधरा वर्षे रेंगाळे, आणि रोगी बहुधा दुसऱ्याच कशाने मरे. मध्य आफ्रिकेत तो फार आढळतो, आणि तेथे तो तरुणांस व मुलांसही होतो, हे लक्षात आल्यावर १९६१ साली कंपाला येथे तज्ज्ञांची एक परिषद भरली. पुढे, मूत्रपिंड बसविलेल्या ज्या रोग्यांस प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावी लागत, त्यांच्यातही तो दिसू लागला. ती औषधे कमी केली की कित्येकांचे डाग आपोआप मावळत. शरीराची शिबंदी परत किल्ल्यात येताच गाठी विरून जाव्यात, अशी कर्करोगाची रीत नाही. १९७२ साली जिराल्डो व त्याच्या सहकाऱ्यांनी या गाठींतील पेशी विद्युत्‌सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यांस हर्पीसच्या कुळातील विषाणूंसारखे कण दिसले. कापोसीच्या लेखास तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. पण तो कुळातील दुसराच एक परिचित विषाणू समजला गेला आणि शोध तेथेच अडला.

३ जुलै १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने आपल्या साप्ताहिक पत्रिकेत न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया येथील २६ पुरुषांची हकीकत छापली. सर्व समलिंगी, वय २६ ते ५१. सर्वांस कापोसीचे अर्बुद, आणि त्यांतील ८ जण तोपर्यंत मरण पावलेले. म्हाताऱ्यांच्या पावलांवर दहा वर्षे रेंगाळणारा रोग तरुणांच्या चेहऱ्यावर, नाकाच्या शेंड्यावर, तोंडाच्या टाळूवर उठत होता आणि दोन वर्षांच्या आत त्यांचा अंत होत होता. एड्सची पहिली वार्ता जगाने ऐकली ती महिनाभर आधी छापलेल्या फुप्फुसदाहाच्या बातमीवरून आणि या डागांवरून. एचआयव्ही हा विषाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९८३ साली सापडला. तोवर रोगाचा चेहरा म्हणजे कापोसीचा डागच होता.

या डागांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. फुप्फुसाचा रोग लपविता येतो, चेहऱ्यावरचा डाग लपविता येत नाही. दुकानात, कचेरीत, आगगाडीत लोक तो ओळखू लागले. माणसाने कोणावर प्रेम केले आणि तो किती दिवस जगणार, या दोन्ही गोष्टी एका जांभळ्या ठिपक्याने चारचौघांत उघड केल्या. १९९३ सालच्या 'फिलाडेल्फिया' या चित्रपटात एका वकिलाच्या कपाळावरील असा डाग त्याच्या वरिष्ठांस दिसतो आणि त्याची नोकरी जाते. ज्यांनी आपल्याकडे कोडाचा एक पांढरा ठिपका लग्नाच्या बोलण्यांत काय करतो ते पाहिले आहे, त्यांस यात नवल वाटणार नाही.

एड्स हा एचआयव्हीने होतो हे कळले तरी डागांचे कोडे सुटेना. इंग्लंडमधील व्हॅलेरी बेरल आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९० साली साधी गणती केली. एड्स झालेल्या समलिंगी पुरुषांत शंभरांतील सुमारे २१ जणांस हे अर्बुद होते. पण दूषित रक्तद्रव्यांतून ज्यांस एड्स झाला त्या रक्तस्रावी प्रकृतीच्या रोग्यांत शंभरास अवघा १. प्रतिकारशक्ती दोघांची सारखीच ढासळलेली. मग हा फरक का? अर्थात दुसरे काहीतरी एका गटात फिरत होते आणि दुसऱ्यात नव्हते. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याने ते 'काहीतरी' पकडले. त्यांची युक्ती वजाबाकीची होती. एकाच रोग्याच्या डागातील आणि निरोगी भागातील आनुवंशिक द्रव्य घेऊन त्यांनी दोहोंत समान असेल ते वगळले. उरले त्यात एका नव्या विषाणूचे तुकडे होते. तो हर्पीसच्याच कुळातील निघाला, माणसास होणाऱ्यांपैकी आठवा. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींत शिरतो आणि त्यांस बेताल वाढावयास लावतो. त्या गाठींचा रंग जांभळा का, आणि कापोसीस नाव का बदलावे लागले, याचेही उत्तर यात आले.

अशा रीतीने ज्या दोन रोगांना कापोसीचे नाव आहे त्या दोहोंच्या मुळाशी एकाच कुळातील विषाणू निघाले, आणि दोन्ही रोग जेथे रक्षण दुबळे तेथेच फोफावतात. एकात दुबळेपण कातडीचे असते, दुसऱ्यात साऱ्या शरीराचे. ज्याने प्रतिपिंड हा शब्द वापरला नाही आणि विषाणू पाहिला नाही, अशा माणसाने केवळ नजरेच्या जोरावर नेमके हे दोन वेगळे काढावेत, याला योगायोग म्हणावे की निरीक्षणाची पुण्याई, मला ठरविता येत नाही.

हे अर्बुद आपल्या देशात एड्सच्या रोग्यांतही विरळाच आढळते, कारण तो आठवा विषाणूच येथे फारसा नाही. येथे कातडीने दुसऱ्या भाषेत सूचना दिली. नागीण आपणा सर्वांस ठाऊक आहे. तीही याच कुळातली, लहानपणीच्या कांजिण्या मज्जातंतूंत दडी मारून राहतात आणि म्हातारपणी एका पट्ट्यात उफाळतात. नागिणीने कमरेभोवती विळखा पुरा केला की माणूस जगत नाही, अशी जुनी धास्ती आहे. निरोगी माणसात ती मध्यरेषा सहसा ओलांडीत नाही, म्हणून ती धास्ती वायफळ म्हणून हसण्यावारी नेली जाते. पण प्रतिकारशक्ती गमावलेल्या माणसात ती पट्टा सोडून अंगभर विखुरते, आणि मग जीवास खरोखर धोका असतो. हिंदुस्थानात एचआयव्ही १९८६ साली प्रथम मद्रासेत आढळला. त्यानंतरच्या वर्षांत विशीतिशीतील माणसास नागीण झालेली पाहिली की जाणता डॉक्टर रक्त तपासावयास सांगू लागला. १९९६ पासून औषधांचे त्रिकूट आले. ते नेमाने मिळते तेथे कापोसीचे डाग मूत्रपिंडाच्या रोग्यांप्रमाणेच विरू लागले. आफ्रिकेच्या कित्येक भागांत मात्र तो अजूनही नित्याचा कर्करोग आहे.

देवीचा प्रश्न १९८० साली मिटला असे वर म्हटले. तो पुरता मिटला नव्हता. अमेरिकेने सैनिकांस देवी टोचणे त्यानंतरही चालू ठेवले होते. १९८४ साली एका १९ वर्षांच्या रंगरुटास लस टोचली. त्यास एचआयव्हीची बाधा आहे हे कोणास ठाऊक नव्हते. काही आठवड्यांत मेंदूच्या आवरणास बुरशीची बाधा झाली, आणि मग दंडावर व्रण पडून अंगभर फोड उठले. केंपेच्या काळचे रक्तद्रव्य देऊन ते फोड आवरावे लागले. पुढे सैन्यातले टोचणे काही वर्षे बंद पडले आणि २००२ च्या अखेरीस, युद्धात देवीचे बीज वापरले जाईल या भीतीने, पुन्हा सुरू झाले. २००७ च्या आरंभी लस टोचलेला एक सैनिक परदेशी निघण्यापूर्वी घरी आला. त्याच्या अडीच वर्षांच्या आतल्या मुलास इसब होते. मार्च महिन्यात ते मूल शिकागोच्या रुग्णालयात आणले गेले तेव्हा निम्म्या अंगावर बेंबीदार फोड होते. कापोसीच्या ग्रंथातले चित्र एकशेवीस वर्षांनी पुन्हा उभे होते. आईसही बाधा झाली होती. रक्तद्रव्य दिले, एक जुने विषाणूरोधक दिले, आणि ज्यास तोवर बाजारात परवाना नव्हता असे एक नवे औषध विशेष अनुज्ञा काढून दिले. सुमारे दीड महिन्याने मूल बरे होऊन घरी गेले. त्या नव्या औषधास परवाना मिळाला तो २०१८ साली.

अशा मुलांसाठी निराळी लस असावी, हा विचार जर्मनीत फार पूर्वी झाला होता. म्यूनिच येथे आंटोन माय्र याने अंकारा येथील लशीचा विषाणू कोंबडीच्या गर्भपेशींतून पाचशेहून अधिक वेळा फिरविला. इतक्या पिढ्या कोंबडीत काढल्यावर तो माणसाच्या पेशीत वाढणेच विसरला, परंतु शरीरास शत्रूची ओळख करून देण्याचा गुण त्यात राहिला. १९७० नंतरच्या दशकात सुमारे १ लक्ष २० हजार लोकांस ती लस देण्यात आली. त्यांत इसब असलेली आणि दुबळ्या प्रकृतीची मुले पुष्कळ होती. इतक्यात देवीच नाहीशी झाली, आणि थोड्यांसाठी केलेली ती लस शीतपेटीत पडून राहिली.

२०२२ साली देवीच्या कुळातला एमपॉक्स अनेक देशांत पसरला. बहुतेकांस तो थोडक्यात गेला. ज्यांचा एचआयव्ही औषधाविना बळावलेला होता त्यांचे फोड भरेनात, मध्यभाग काळा पडे आणि कडा पुढे सरके. १९ देशांतील अशा ३८२ रोग्यांची हकीकत २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील २७ जण वारले, आणि त्या प्रत्येकाच्या रक्तातील रक्षक पेशी दोनशेच्या खाली उतरलेल्या होत्या. केंपेने ही मुले लगेच ओळखली असती. या साथीत जी लस मुख्यतः वापरली गेली ती माय्रचीच. ती त्वचेखाली दिली की फोड उठत नाही, खपली धरत नाही, आणि दंडावर व्रणही राहात नाही.